रिंग वीतभर खाली होती

उत्तम,

शोकसभा झाली तुझी. आली होती बरीच माणसं. त्यातली निम्मी तुझ्या हयातीत तुझ्या खेळाच्या कोर्टाकडं फिरकली नव्हती. एकजण तर भाषणात तुला व्हॉलीबॉलचा खेळाडू करून मोकळा झाला. मी मागून ओरडलो, "बास्केटबॉल!" तर म्हणाला, "तेच ते." तू असतास तर हसला असतास. मला काही हसू आलं नाही. मग दूध संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी मला बोलायला उभं केलं. मी तुझ्या फोटोकडं बघितलं आणि तोंडातून एवढंच आलं, "ह्यो माणूस एक नंबरचा लबाड होता." लोकांना वाटलं, म्हातारं दुःखानं चळलं. दोघांनी दंडाला धरून मला खाली बसवलं. बोलायचं ते पोटातच राहिलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

लबाड कावून म्हणालो ते सांगतो. त्याआधी पूजाचं. बाळूची पूजा, नववीतली, तुझ्या संघातली. दरवर्षी दसरा झाला की बाळू आणि त्याची बायको ऊसतोडीला जायचे आणि ही पोरगी तुमच्या घरी राहायची, शांतावहिनींजवळ. तू गेलास आणि बाळूनं मुकादमाकडं तिचंही नाव दिलं. सोमवारी टोळी हलणार होती. एकदा पोरीच्या हातात कोयता आला की पुढं काय होतं ते तुला मी सांगायला नको. एका हंगामाला बापाबरोबर जाते, दुसऱ्या हंगामाला नवऱ्याबरोबर.

तिचं काय झालं ते शेवटी सांगेन. तुला मध्येच तोंड घालायची सवय, आणि मला आज सलग बोलायचंय.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आपली ओळख झाली असं तू पोरींना सांगायचास. ओळख आधीची होती, बोललो तिथं. आपण दोघं एका वयाचे, पण मुकादमानं मला "पोरगं हाय" म्हणून हाकललं आणि तुला कामावर घेतलं, कारण तू तेव्हाच तुझ्या बापाच्या उंचीला आलतास. तेव्हापासून तुला गाव 'शिड्या' म्हणायला लागलं. दुपारी कामावरच्यांना सुकडी मिळायची, ते कोरडं गोड पीठ. तू तुझ्यातली मूठभर कागदात बांधून आमच्या वाड्यावर आणून द्यायचास. मेंढ्यांचा वाडा नुसता नावाला, निम्मी मेंढरं मेलेली. आपण दोघं बाभळीखाली बसून ती सुकडी चाटायचो, ठसका लागायचा, मग तू पाणी मागायचास. माझी आई यायची तांब्या घेऊन आणि तुझ्या ओंजळीत वरून पाणी सोडायची. तू एवढा उंच, आणि माझी आई बुटकी. तुला लई खाली वाकावं लागायचं. त्याच तांब्याला तोंड लावून मी पाणी प्यायचो, तुझ्यासमोर. त्यावर आपण आयुष्यात एकदाही बोललो नाही. मला बोलायचं होतं रे. तू विषय निघू द्यायचा नाहीस. आता तूच नाहीस.

पुढं तू औरंगाबादला होस्टेलात गेलास, तिथं कुणीतरी तुझी उंची बघून हातात चेंडू दिला, आणि बघता बघता तू रेल्वेच्या संघात. खेळायचा पगार मिळतो हे गावात कुणाला पटेना. तुझ्या आईला कुणी विचारलं की ती म्हणायची, "रेल्वेत हाय त्यो. चेंडूच्या खात्यात."

मी तुला खेळताना बघितलं ते एकदाच, सोलापूरला. मी तेव्हा दूध संस्थेत नवाच सेक्रेटरी झालतो, संस्थेचा ताजा खवा बांधून घेऊन आलतो. अर्ध्या चड्डीतला तू बघून आधी तर मला लाजच वाटली. मग खेळ सुरू झाला. तू काय करत होतास, तर दुसऱ्या कुणी चेंडू टाकायचा, तो रिंगला लागून परत यायचा, तू सगळ्यांच्या डोक्यावरून तो झेलायचास आणि लगेच दुसऱ्याला देऊन टाकायचास. एकदा नाही, दरवेळी. रिंग तुझ्या नाकासमोर असायची! मला राहवेना. मी बाकावर उभा राहून बोंबललो, "टाक की बे शिड्या! टाक की!" सगळं मैदान माझ्याकडं वळून बघायला लागलं. तुझे कान लाल झालते.

नंतर आपण बाहेर पायरीवर बसून खवा खाल्ला. मी म्हणालो, "एवढा उंच होऊन दुसऱ्याच्या हातात कावून देतूस?" तू बोटं चाटत म्हणालास, "म्हादू, टाकणारे दुसरे हायेत. मला पगार मिळतो त्यो दुसऱ्याचा चुकलेला झेलायचा." मला वाटलं, ही काय नोकरी झाली! गावात आल्यावर मी लोकांना खोटंच सांगितलं, आपल्या उत्तमनं लई गोल केले म्हणून.

मग तुझा गुडघा गेला. खेळ सुटला, रेल्वेनं तिकिटं तपासायला लावलं. आणि एक दिवस तू नोकरी लवकर सोडून, वहिनींना घेऊन, सामानाच्या टेम्पोतून आष्टीच्या रस्त्यानं गावात उतरलास. सगळ्यांनी येड्यात काढलं. पुण्यात क्लास काढला असतास तर पैसा छापला असतास. मी विचारलं तर म्हणालास, "तिथं उंच पोरं लई हायेत." मी म्हणालो, "आन् इथं?" म्हणालास, "इथं तू हायेस."

ही असली गोड बोलणी करून तू माझ्याकडून संस्थेच्या मागची मोकळी जागा काढलीस, हे काय मला कळलं नव्हतं होय! संस्थेचा बोअर कोरडा गेलता, त्याचा केसिंगचा पाइप उपसून तू खांब केलेस. बोर्ड संस्थेच्या जुन्या दाराचे. वेल्डरकडून रिंगा वाकवून आणल्यास आणि त्या खांबाला पट्ट्यांनी आवळल्यास. पाना खिशात घालून फिरायचास तू, कोर्टाचा मालक असल्यासारखा.

आणि तो तुझा सडा! मातीचं कोर्ट, तू जमवलेल्या गावातल्या पोरी धावल्या की धुरळा उडायचा, डोळे उघडेनात. पाणी मारावं तर गाव टँकरवर. तू नियम काढलास, प्रत्येकीनं घरचं वापरलेलं पाणी आणायचं. भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, अंघोळीचं, काय असेल ते. कॅनमध्ये भरून आणायचं आणि कोर्टाच्या कडेच्या ड्रममध्ये ओतायचं. सगळ्या गल्ल्यांचं पाणी एका ड्रममध्ये. पहिल्या दिवशी मी मुद्दाम आमच्या घरची बादली आणली. माझी आई तेव्हा होती, अंगणात बसून बघत होती. मी ओतलं, त्यावर तुमच्या वस्तीतल्या पोरींनी ओतलं, तू काठीनं ढवळलंस आणि माझ्याकडं बघून नुसता हसलास. मग झारी भरलीस आणि सडा मारायला लागलास.

आता छावणीच्या वर्षाकडं येतो. आपलं खरं भांडण तिथलं.

त्या वर्षी चारा संपला, हिरी आटल्या, आणि संस्थेनं जनावरांची छावणी घ्यायचं ठरवलं. जागा एकच, तुझं कोर्ट. मी तोंड कसं उघडावं या विचारात दोन दिवस तुला टाळत होतो. तूच दारात आलास. "जनावरं आधी," म्हणालास. "पोरी काय, कुठंबी खेळतील." कुठं खेळल्या? दावणीच्या दोन रांगांमधून चेंडू फेकत होत्या. चेंडू गव्हाणीत पडला की म्हैस हुंगायची. एका बैलानं लाथ मारून एक चेंडू फोडला, तर तू त्या बैलालाच कप्तान करायचं म्हणत होतास. सकाळी खेळायचं, दिवसा आई-बापाच्या जनावरांना पाणी पाजायचं, असं त्या पोरींचं चाललं होतं.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. तू तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनला नगरला गेलतास. मी म्हटलं, माझा दोस्त यायच्या आत कोर्ट चकाचक करून ठेवतो. खाली शेणाचा, धाटांचा थर दगडासारखा बसलेला. वरवर खरवडलं, बाकी तसाच दाबला, त्यावर मुरूम टाकला, रोलर फिरवला. अस्सं अंगण झालं होतं म्हणतोस! तू आलास, कुबडी टेकत कोर्टावर फिरलास, म्हणालास, "म्हादू, लई झ्याक केलंस." मी नारळ फोडला. खोबरं तूच जास्त खाल्लंस.

आणि त्या हंगामात पोरींनी कमाल केली. चेंडू उचलला की आत. कविता तर डोळे झाकून टाकायची. ती कप्तान होती, कोपऱ्यातल्या घरातली, बाप नसलेली. बघायला गाव जमायला लागलं. मग लातूरच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, मी मॅनेजर म्हणून जीपमध्ये पुढं बसलो. लातूरला गेलो आणि एकही चेंडू आत जाईना. सगळे रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत. पोरी रडायला लागल्या, कविता आपल्याच हातांकडं बघत उभी. पहिल्याच सामन्यात आपण घरी.

परत येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवायला थांबलो. पोरींनी भाकरीला हात लावला नाही. तेव्हा तू पाण्याचा पेला ठेवलास, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "चूक तुमची न्हाई. सेक्रेटरीनं शेणावर मुरूम टाकला, जमीन वर आली. खांब जागच्या जागी. म्हणजे आपली रिंग वीतभर खाली झाली. तुमी सालभर खालच्या रिंगला शिकलात." झालं! पोरी माझ्याकडं बघायला लागल्या, आणि एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. बघता बघता सगळ्या हसून हसून लोळायला लागल्या आणि भाकरी मागायला लागल्या. मी एकटा तोंड पाडून बसलो होतो. मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं!" तू म्हणालास, "ह्या वेळी अंगण खरंच वाकडं हाय."

तेव्हापासून गावात मी 'मुरूम सेक्रेटरी'. चहाच्या टपरीवर, संस्थेच्या सभेत, माझ्या नातवाच्या बारशातसुद्धा! आणि दरवेळी मी तुला एकच विचारायचो, "बे शिड्या, तू रेल्वेचा खेळाडू. हात वर केला की तुला कळायला पाहिजे होतं. तू मापलं कावून न्हाईस?" आणि तू दरवेळी एकच सांगायचास, "गुडघा फाटलेला होता. उडी कुठं मारत होतो मी? मला काय कळणार." मी चिडायचो, शिव्या द्यायचो, दोन दिवस अबोला धरायचो. तिसऱ्या दिवशी परत कोर्टावर.

आपला दुसरा वाद याहून मोठा होता, तुला आठवत असेल. मी म्हणायचो, पोरींना कशाला नादी लावतोस? एक कविता पोलिसात लागली, बाकीच्यांचं काय? त्या काय तुझ्यासारख्या रेल्वेत जाणार आहेत? तू एकदा चिडून म्हणालास, चिडलेला मी तुला तेवढाच बघितला, "म्हादू, मला खेळाडू करायच्याच न्हाईत. सहा महिने गावात ऱ्हायल्या पाहिजेत. शाळंत बसल्या पाहिजेत. 'शाळंसाठी ठिवा' म्हटलं तर कुणी ठिवत न्हाई. 'मॅच हाय' म्हटलं की ठिवतात." मी म्हणालो, ही फसवणूक झाली. तू म्हणालास, "व्हय."

आणि ती फसवणूक करायची तुझी रीत तरी काय! टोळ्या हलायच्या आधी घरोघर जायचास. कधी वर्षाचं बोलायचा नाहीस. "फक्त दिवाळीपर्यंत ठिवा. दिवाळीनंतर मी स्वतः कारखान्यावर आणून सोडतो." आई-बाप निघून जायचे. दिवाळी झाली की फोन करायचास, "संक्रांतीपर्यंत." संक्रांत झाली की, "आता परीक्षा आलीच की." परीक्षा होईपर्यंत हंगाम संपून टोळ्या माघारी. तोवर तुमच्या घरात पोरींच्या सतरंज्या, शांतावहिनी भाकऱ्या थापून थापून बेजार. मी तुझ्या तोंडावर तुला लबाड म्हणायचो. तरी मला अर्धीच लबाडी माहीत होती.

तू गेलास ते सरावानंतर, सकाळी. कोर्टाच्या कडेच्या लिंबाखाली चहाचा कप घेऊन बसलास तो बसलासच. पोरींना वाटलं सरांचा डोळा लागला. त्यांनी कुजबुजत आवरलं, म्हणे सरांना उठवायला नको. शिट्टी गळ्यातच होती. वहिनींनी ती काढली आणि माझ्या हातात दिली. "भावजी, तुमी ठिवा," म्हणाल्या. मला बास्केटबॉलचा ब कळत नाही. शिट्टी घेऊन मी तसाच उभा.

तुझ्या जलदान विधीच्या दिवशी पांढरे कपडे घालून मी तुमच्या ओसरीवर बसलो होतो. बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या, तांब्यातलं पाणी वाटीत सोडलं, वाटी भरली आणि पाणी खालच्या ताटात सांडायला लागलं. मला त्या तांब्याकडं बघवेना. माझ्या आईचा तांब्या आठवत होता. मी मान खाली घातली आणि पोरासारखा रडलो, सगळ्यांच्या देखत. विधी झाला, माणसं जेवायला उठली. वहिनींनी ते पाण्याचं ताट उचललं, मागच्या दारानं निघाल्या. मला वाटलं झाडाला घालतील. त्या थेट कोर्टावर गेल्या, ड्रमचं झाकण काढलं आणि त्यात ओतलं. यंदाही टँकरच आहे, तू बघून गेलासच.

तिथंच ड्रमपाशी कविता भेटली. गणवेश नव्हता, पांढऱ्या साडीत आलती. आम्ही दोघं रिंगकडं बघत उभे होतो. मी आपला तोच विषय काढला. म्हणालो, "तुझ्या सरांनी तेवढं मापलं असतं तर लातूरला तू जिंकली असतीस."

तिनं ड्रमचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आबा, सरांनी मापलं होतं."

"कवा?"

"नगरहून आले त्याच दिवशी. तुमी नारळ आणायला गेलता. टेपचं खालचं टोक मीच धरलं होतं."

उत्तम! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! एवढी वर्षं मी मुरूम सेक्रेटरी! ती म्हणाली, तिनं तुला विचारलंही होतं, सर, वर घ्यायची का रिंग. तू पाना खिशातून काढलास, परत ठेवलास. म्हणालास, "ऱ्हाऊ दे. साल सगळं आटलेलंच बघितलंय पोरींनी. बोअर आटला, हीर आटली, म्हशीची कास आटली. काहीतरी आत जाताना बघू दे त्यांना. मी हळूहळू वर घेतो." तू हळूहळू घ्यायच्या आत लातूरचं बोलावणं आलं. पोरी हट्टाला पेटल्या, तुला नाही म्हणवेना. आणि हरल्यावर तू ते वड्याचं तेल वांग्यावर काढलंस.

मी म्हणालो, "मग माझंच नाव कावून घेतलं त्यानं? पावसाचं घ्यायचं, रोलरवाल्याचं घ्यायचं!"

कविता रडता रडता हसली. म्हणाली, "मी बी विचारलं होतं सरांना. म्हणाले, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं तर त्यो निघून जाईल. म्हादू चिडतो, पण जात न्हाई."

हे तू मला सांगायचं नाहीस का रे? एवढी वर्षं एका लिंबाखाली बसलो, एका बशीत चहा प्यालो. एकदा तरी सांगायचं. मी चार शिव्या दिल्या असत्या, आठवडाभर बोललो नसतो, आणि मग आलोच असतो. तुला ते माहीतच होतं म्हणा.

शोकसभेत 'लबाड' आलं ते यामुळं.

आता पूजाचं.

रविवारी दुपारी मी बाळूच्या घरी गेलो. दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्रे, बांबू, चुलीची भांडी, टोपलीखाली कोंबड्या, आणि सगळ्यात वर लाल साडीत बांधलेलं पूजाचं गाठोडं. ती पोर उंबऱ्यावर बसून धाकट्या भावाला भात भरवत होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी घरून घोकून गेलतो, शिक्षण कसं महत्त्वाचं, कायदा काय म्हणतो, कविताचं बघ. दारात पाय ठेवला आणि सगळं विसरलो. तोंडातून काय आलं असेल सांग बरं?

"बाळू, दिवाळीपर्यंत ठिव पोरीला. मॅच हाय."

बाळू दोर आवळत होता. वर न बघता म्हणाला, "कसली मॅच?"

"हाय एक."

"आन् मंग?"

"मंग मी स्वतः आणून सोडतो की कारखान्यावर."

"दिवाळीनंतर नक्की?"

खोटं बोलायची सवय नाही मला, ते तुझं खातं. पण म्हणालो, "दिवाळीनंतर बघू."

बाळूनं दोर सोडला. ट्रॉलीच्या दांड्यावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता टॉवेलनं डोळे पुसायला लागला. म्हणाला, "आबा, सर बी हेच म्हणायचे. दिवाळीला म्हणायचे संक्रांत, संक्रांतीला म्हणायचे परीक्षा. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

मी विचारलं, "कळत होतं? मग ठिवत कावून होतास?"

"माणूस दारात येऊन इचारत होता, आबा. मुकादम यायचा त्यो घरातनं तोडायला कोयते किती निघणार म्हणून इचारायला. लेकीला ठिवा म्हणून एकटे सरच यायचे. सर गेले. मी म्हटलं आता कुणी येतंय का बघू. आठवडा बघितलं, दुसरा आठवडा बघितला. कुणी आलंच न्हाई. मंग दिलं मुकादमाला नाव."

आतून पूजाची आई आली. तिनं आमचं सगळं ऐकलं होतं. चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली, गाठोडं खाली घेतलं आणि अंगणात सोडलं. दोन ड्रेस, एक कंगवा, आणि तळाशी पूजाचे ते खेळायचे बूट. उसात घालायला घेतले होते पोरीनं, की नुसते जवळ ठेवायला, मला माहीत नाही. आईनं बूट तिच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "आबांसंगं जा. शांताकाकूला म्हणावं, सांजच्याला पीठ घेऊन येते मी." पूजानं भाताचा हात तसाच ठेवून बूट उचलले.

उत्तम, आपला मोठा वाद तू जिंकलास. घे.

पण रिंगचा वाद मी जिंकलोय, आणि तो तुला ऐकून घ्यावाच लागेल. मंगळवारी सकाळी मी कोर्टावर गेलो. पोरी आपापले कॅन घेऊन आल्या, ड्रममध्ये ओतलं. तू गेल्यापासून सराव बंद होता, त्यामुळं तुझ्या ताटातलं पाणी त्यात तसंच होतं. पूजानं सडा मारला. मी शिट्टी फुंकली, तर त्यातून आवाजाऐवजी थुंकीच जास्त आली, पोरी फिदीफिदी हसल्या. बाकी खेळ पूजानंच घेतला, मी नुसता उभा. यंदा तिसरीतल्या दोन चिमण्या नवीन आल्यात, त्यांचा चेंडू रिंगपर्यंत पोचतसुद्धा नाही. टाकतात, आणि पडतो त्यांच्याच डोक्यावर. मी तुमच्या घरून तुझा पाना आणला, स्टुलावर चढलो. गुडघे माझेही काही धड नाहीत. पट्ट्या सैल केल्या आणि लिंबाकडची रिंग खाली घेतली. त्यांना विचारलं, "बास?" म्हणाल्या, "आनखी थोडी." आनखी थोडी घेतली. पलीकडची रिंग लातूरनंतर तू मापून वर घेतलीस तिथंच आहे, तिला हात लावला नाही.

खांब दोन आहेत रे, शहाण्या. एक खाली आणि एक वर ठेवता आली असती. एवढा रेल्वेचा खेळाडू तू, तुला सुचलं नाही आणि मुरूम सेक्रेटरीला सुचलं. बोल की आता. मी स्टुलावर उभा राहून खरंच थांबलो होतो, लिंबाखालून तू काय उलट बोलतोस ते ऐकायला.

चिमणीचा चेंडू आत गेला तेव्हा ती एवढ्यांदा ओरडली की संस्थेत दूध घालायला आलेली माणसं बाहेर आली. पूजा कंबरेवर हात ठेवून माझ्याजवळ आली, अगदी तुझ्यासारखी. म्हणाली, "आबा, ही रिंग लई खाली झाली. मापून परत वर कवा घ्यायची?"

मी पाना खिशात घातला.

"दिवाळीनंतर बघू," म्हणालो.